मुकादमाचं पथ्य

३ फेब्रुवारी

चि. ढोरवैदीणबाईस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वेळेवर पोचलं, उत्तराला उशीर माझ्याकडून झाला. नाट्यगृहाचा मोठा पडदा शिवायला घेतलाय. दुकानभर जांभळी मखमल पसरली आहे आणि मी तिच्यात कंबरेएवढी बुडून शिवते आहे.

आता आधी खाली बस. मी लग्न करायचं ठरवलं आहे. हसू नकोस. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला अक्कल येते असं तूच म्हणायचीस, ती आली आहे असं समज.

गृहस्थ बंदरावर क्रेन चालवतात. वर केबिनमध्ये सकाळचं ऊन थेट डोळ्यांत जातं, म्हणून काचेला लावायला पडदा हवा होता. मापं बॉलपेनने तळहातावर लिहून आणली होती आणि घामाने ती पुसली होती. पडदा आखूड झाला, मग लांब झाला. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक मापांची नाही.

अडचण आहे ती मुकादमाची. तो आपला पिवळा, कान फाटका बोका, तुला माहीतच आहे. नऊ वर्षांपूर्वी दुकानात शिरला आणि प्रत्येक तागा हुंगून पाहणी करायला लागला, तेव्हापासून तो मुकादम. तुझे काका गेल्यावर घरात बोलायला तोच होता. उलट बोलत नाही, एवढ्यावर आमचं जमलं. तर हे गृहस्थ आले की पाच-दहा मिनिटांत शिंका सुरू. डोळे टोमॅटोसारखे. मला वाटलं कापडाची धूळ. त्यांनी लग्नाचं विचारलं तेही दोन शिंकांच्या मधे. मला कळेना, म्हणून पुन्हा विचारायला लावलं. बिचारे लाजेने आणखी लाल झाले.

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या हाताला सुया टोचून पाहिलं. मांजराची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की एक तर मांजर घरात राहील, नाही तर हे. गोळ्या घेतल्या की झापड येते, आणि लोकांच्या डोक्यावरून कंटेनर नेणाऱ्या माणसाने पेंगून कसं चालेल?

तू जनावरांना बरं करतेस. मांजराला असं काही देता येतं का, की शिंका माणसाच्या थांबतील? प्रश्न वेडगळ आहे, पण विचारू कुणाला?

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी

---

८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
भाचीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एका हाताने बोकडाचं शिंग धरून वाचलं. लग्नाच्या ओळीवर येताच शिंग सुटलं. बोकड पळाला, मालक ओरडला आणि मी मात्र अंगणात एकटीच हसत उभी. मावशी, फार फार बरं वाटलं. आईला तू सांगणार की मी? मीच सांगते, तू चावट भाग गाळशील.

आता तुझ्या प्रश्नाचं. तो अजिबात वेडगळ नाही. लोकांना वाटतं मांजराच्या केसांनी शिंका येतात. खरा गुन्हेगार त्याच्या थुंकीत असतो, एक प्रकारचं प्रथिन. मांजर दिवसभर अंग चाटतं, थुंकी केसांवर वाळते आणि तिचा बारीक कोंडा घरभर उडतो. तोच तुझ्या गृहस्थांच्या नाकात जातो.

गंमत पुढे आहे. मांजरांच्या सहवासात राहिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यात एक द्रव्य तयार होतं. ते नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्या अंड्याची पूड लावलेलं मांजराचं कोरडं खाणं मिळतं. मांजर ते चावतं तेव्हाच, तोंडातल्या तोंडात त्या प्रथिनाचे दात काढले जातात. मांजराला काही होत नाही.

पण जादू समजू नकोस. तीनेक आठवडे तरी लागतात. त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. कुणाला खूप फरक पडतो, कुणाला थोडाच. डॉक्टरांचे उपचार सोडायचे नाहीत. झापड न आणणारं औषध किंवा नाकात मारायचा फवारा चालेल का, हे त्यांना विचारायला सांग. मुकादमाला झोपायच्या खोलीत बंदी, आणि घरातले पडदे धुऊन काढ. तुझ्या घरात किती पडदे असतील याची मला कल्पना आहे.

खाणं मी पार्सलने पाठवते. पहिला आठवडा जुन्यात मिसळून दे. मग फक्त तेच. पथ्य म्हणजे पथ्य.

त्यांना मी काय म्हणू, काका की क्रेनकाका? विचारून कळव. माझी आठवण ठेवतेसच, ती कामाशिवायही ठेव.

तुझी भाची

---

१४ मार्च

चि. ढोरवैदीणबाईस,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं होतं. मुकादमाने ते हुंगलं आणि वाकडी शिलाई दिसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मिसळून दिलं तेव्हा खाल्लं. नुसतं द्यायला लागल्यापासून चार दाणे खातो आणि वाटीकडे पाठ करून बसतो. तब्येत मात्र अशी सुधारली आहे की शिवणयंत्रामागच्या फळीवर मावत नाही. खाणं पौष्टिक असणार.

पण शिंका जिथल्या तिथे. उलट आता यांच्या छातीत शिट्टी वाजते. घर मी धुऊन काढलं, अकरा पडदे पिळले, खांदा अजून दुखतो.

गेल्या आठवड्यात जे झालं ते ऐक. कंटेनर उचललेला होता आणि वर केबिनमध्ये यांना एकामागोमाग शिंका आल्या. दोन्ही डोळे मिटले. झालं काही नाही, कंटेनर लटकत राहिला. कुणाला कळलंही नाही. पण यांनी तो अलगद खाली ठेवला, शिडी उतरले आणि साहेबांकडे जाऊन सांगितलं की मी धड होईपर्यंत वर चढणार नाही. आता फाटकावर उभे राहून ट्रक मोजतात. बावीस वर्षं सगळं जग वरून पाहिलेला माणूस. मला म्हणाले, ट्रक एवढे उंच असतात हे माहीतच नव्हतं. हसले, पण चहा तसाच राहिला.

तेव्हाच मी ठरवलं. मुकादमाला तू घेऊन जा. तुझ्याकडे अंगण आहे, तो रुळेल. यांना यातलं काही कळवू नकोस. बोक्याला दुकानाचा कंटाळा आला होता, असं मी सांगेन. मी अजून रडलेली नाही, तेव्हा रडू येईल असं काही लिहू नकोस.

येतेस कधी तेवढं कळव.

तुझी,
मावशी

---

१६ मार्च

आदरणीय डॉक्टरबाईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी क्रेनवर काम करतो. आपला पत्ता पार्सलच्या खोक्यावरून घेतला, त्याबद्दल क्षमा असावी. पत्र लिहायची सवय नाही, चुका पदरात घ्याव्यात.

आपल्या मावशी परवा बोक्याचं अंथरूण धुऊन, घडी करून पिशवीत भरत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ऊन चांगलं पडलंय. मी लग्न झालेला माणूस नाही, पण एवढं मला कळतं. बोका बहुतेक आपल्याकडे यायचा आहे. माझी विनंती आहे की आपण त्याला नेऊ नये.

मी त्यांच्या आयुष्यात आलो तेव्हा तो तिथे होता. त्या कात्री चालवताना त्याच्याशी बोलतात, ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं आहे. अशा घरातून त्याला काढून मी आत जायचं, हे मला जमणार नाही. त्यापेक्षा मी माझ्या खोलीवर राहीन आणि रोज संध्याकाळी चहाला येईन. खिडकी उघडी ठेवली की तासभर निभतं. लग्न झालेल्या माणसांनी एकाच घरात राहावं असा कायदा नाही, मी चौकशी केली आहे.

शिवाय बोक्याची आणि माझी आता चांगली मैत्री आहे. सुरुवातीला तो फिस्कारायचा. हल्ली मी दिसलो की धावत येतो आणि थेट माझ्या कोटाच्या खिशात तोंड घालतो. बंदरावर आमचा एक मुकादम आहे, तो मला बावीस वर्षांत एवढ्या प्रेमाने कधी भेटला नाही.

हे पत्र त्यांना दाखवू नये. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावा.

आपला नम्र,
क्रेनवाला

---

२१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी मुकादमाला न्यायला येणार नाही. निदान इतक्यात नाही. रागावू नकोस, कारण ऐक.

तू लिहितेस तो वाटीतलं चार दाणे खातो, आणि त्याच पत्रात लिहितेस तो फळीवर मावत नाही. मावशी, हवा खाऊन आजवर एकही बोका फुगलेला नाही. त्याचं पोट दुसरीकडे भरतं आहे. म्हणजे ते खाणं आपण अजून धड दिलेलंच नाही, मग उपयोग झाला नाही असं म्हणायचं कसं? औषधाची बाटली कपाटात ठेवून ताप उतरत नाही म्हणण्यासारखं आहे हे.

कोण खाऊ घालतं ते मला ठाऊक नाही असं समज. ढोरवैद्याने घरोघरची गुपितं पोटात ठेवायची असतात. एवढंच सांगते की बोक्यावर नजर ठेवू नकोस. तो कुणाच्या खिशावर नजर ठेवतो ते बघ.

चोर सापडला की नीट तीन-चार आठवडे पथ्य पाळा. त्यानंतरही शिट्टी वाजत राहिली तर मी स्वतः टोपली घेऊन येईन आणि तुझ्यासोबत रडेनसुद्धा. तोवर अंथरूण पिशवीतून बाहेर काढ.

तुझी भाची

(पिशवीचं मला कसं कळलं हे विचारायचं नाही.)

---

२९ मार्च

चि. ढोरवैदीणबाईस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

चोर सापडला. यांच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून मी तो टाके घालायला घेतला. खिशात हात घातला तर बोटांना गार, मऊ काही तरी लागलं. कागदात गुंडाळलेला वाफवलेला मासा! आणि मुकादम यंत्रावर चढून माझ्या हाताकडे असा बघत होता, जणू पगाराची वेळ टळून चालली आहे.

संध्याकाळी हे आले. मी मासा बशीत घालून चहासोबत पुढे ठेवला. हे म्हणाले की त्याने आपल्याला नापसंत केलं तर तूही विचार बदलशील अशी भीती वाटली, म्हणून डब्यातला अर्धा मासा रोज त्याला द्यायचे. स्वतः अर्धपोटी राहून! ज्याच्यापायी जीव घुसमटतो त्यालाच मांडीवर घेऊन भरवायचं. मी भांडायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. हसता हसता ते मागे राहिलेलं रडूही येऊन गेलं. हे घाबरून पाणी आणायला गेले आणि शिंकत परत आले.

आता कडक कायदा आहे. आत येताना खिसे उलटे करायचे. मुकादम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, दाराशी उपोषणाला बसला. तिसऱ्या दिवशी गुपचूप वाटी चाटूनपुसून साफ. मोठेपण भुकेपुढे टिकत नाही.

यांना नाकातला फवाराही मिळाला आहे, झापड न आणणारा. बघू.

तुझी,
मावशी

---

६ मे

चि. ढोरवैदीणबाईस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

कधी एकदा लिहिते असं झालं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून थांबले. आता लिहिते. यांच्या छातीतली शिट्टी गेली. शिंका येतात, नाही असं नाही. संध्याकाळी आल्या आल्या दोन-तीन, आणि मुकादम फारच अंगचटीला आला तर आणखी एखादी. पण डोळे पांढरे दिसतात. ते घारे आहेत हे मला चार महिन्यांनी कळलं! परवा इथे बसून सबंध जेवले आणि पेपरही वाचला. फवारा चालूच ठेवायचा आहे. डॉक्टर म्हणाले, खाण्याचा गुण किती, फवाऱ्याचा किती आणि धुतलेल्या पडद्यांचा किती, ते आपल्याला सांगता यायचं नाही. मी म्हटलं, मला वाटणी करायचीच नाही. तिघांचेही आभार.

श्वासाची तपासणी झाली, कागदावर सही झाली आणि सोमवारी हे परत क्रेनवर चढले. मला राहवेना. दुकानाला कुलूप लावलं आणि समुद्राच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. बघते तो एकसारख्या पाच क्रेन. सगळ्या निळ्या, सगळ्यांच्या केबिनच्या काचा अशा चकाकणाऱ्या की मी शिवलेला पडदाही दिसेना. यांची कोणती ते विचारायचंच राहिलं होतं. शेवटी त्यातल्या त्यात जी जास्त ऐटीत चालत होती तिला ओढणी हलवली. आतून कुणी तरी हात केला. मला इतका आनंद झाला, की एक कंटेनर उतरेपर्यंत मी हलवतच राहिले.

संध्याकाळी हे आले ते जरा घुश्श्यात. मी विचारलं, एवढी हात करत होते ते दिसलं ना? म्हणाले, दिसलं तर. मी पाचव्या क्रेनवर होतो. तू दुसरीला हात करत होतीस. तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना विचारत फिरत होता की त्या बाई कोण, म्हणून.

लग्न वीस तारखेला, नोंदणी कचेरीत, सकाळी. सही करायला तू हवीसच. त्यांना काका म्हणायचं, क्रेनकाका म्हटलेलं आवडणार नाही असं ते म्हणतात, म्हणजे आवडेल. दुसऱ्या क्रेनवाल्यालाही मी बोलावलं आहे. एवढा हात केला त्याने, उपाशी कसं ठेवायचं?

वाट पाहते. रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल, उशिरा आलेली चालणार नाही.

तुझी,
मावशी