आईवर एक पान

तात्या, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज रात्री मी तुमच्यावर चिडलेय. उद्या सकाळी इथल्या, ठाण्याच्या, मुलींच्या शाळेत एक पान लिहून न्यायचंय. विषय, 'मातेचे उपकार'. शाळा तपासणाऱ्या डिपुटींना ते पसंत पडलं तर बिगरीच्या पोरींना बाराखडी शिकवायचं काम मिळेल. नाही तर हे गेल्यापासून दिराच्या घरी जी चूल फुंकतेय, तीच मरेपर्यंत. घर कधीचं निजलंय. चार कागद वाया गेले. 'माता म्हणजे दयेचा सागर' असं लिहिते, वाचते, खोटं वाटतं, आणि डावा हात आपोआप ओळीवरून फिरतो. धूळपाटीवर धुळीत लिहून तळव्याने पुसत शिकलेला हात, त्याला शाई काय कळणार? कागद काळा, तळवा काळा. मघाशी धाकटी जाऊ पाणी प्यायला उठली. म्हणाली, "अगंबाई जाऊबाई, लिहिताय की काजळ पाडताय?" मी म्हटलं, "नीज जा, नाही तर तुझ्यावरच लिहीन." हसत निजायला गेली.

कल्याणच्या घराच्या ओटीवर तुमची शाळा. पोरं पाढे ओरडतायत आणि मी आठ वर्षांची, माजघराच्या उंबऱ्यात मांडीवर पाटी घेऊन बसलेय. स्वतःच्या मुलीला अक्षर दिलंत म्हणून आळीने तुम्हाला नावं ठेवली, ते विसरले नाही. रोज तुम्ही घालून द्याल तेच मी गिरवायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनाने लिहिलं, 'आईला आज भात उरला नाही.' बायका मागून जेवायच्या, उरेल ते. त्यात नवल कसलं? पण मी बघितलं होतं, म्हणून लिहिलं. तुम्ही वाकून वाचलंत. मला वाटलं, शाबास म्हणाल. "अक्षर चांगलं आहे," तुम्ही म्हणालात, "पण घरातलं पाटीवर काढायचं नसतं. पूस." पोरं बघत होती. मी पुसलं. आई आतच होती, तिने सगळं ऐकलं आणि भांडी घासत राहिली. वर्षाने माझं लग्न झालं, पाटी सुटली.

तर आत्ता पाचव्या कागदाला डावा हात मांडीखाली दाबून बसले आणि तीच ओळ लिहिली. मग पुढचं आपसूक आलं. ती कधी उठायची, काय खायची, शेजारणीने विचारलं तर "जेवले की मघाशी" कशी म्हणायची. पान भरलं. वाळलंही. डिपुटी नाक मुरडतील, दीर म्हणतील घराण्याची लाज काढली. म्हणू देत. मी देणार आहे.

तुम्हाला लिहिलेलं हे कुठे धाडायचं? ठेवते कुठे तरी. एक मात्र सांगते. त्या दिवशी तुमची पंगत उठल्यावर आईने मला वाढलं आणि विचारलं, "आणखी हवाय का गं?" पातेल्याचा तळ मला दिसत होता. मी हो म्हटलं. ते तेव्हा पाटीवर नव्हतं, आणि उद्याच्या पानातही मी घातलेलं नाही.