समीक्षाचं लग्न कोण लावणार

गुवाहाटी

प्रिय अक्का,

प्रभूची शांती तुमच्या घरात नांदो. मी बरा आहे. हृदयाची एक नस जरा तुंबली होती, ती डॉक्टरांनी मोकळी केली. महिनाभर प्रवास नको म्हणतात, एवढंच. दाजींचा गुडघा कसा आहे?

समीक्षाचं लग्न लावायला मला येता येणार नाही. तू फोनवर म्हणालीस, "मग तुज्या जागी साताऱ्याच्या मिलिंद फादरास्नी धाड की रं. तुला दिलाय नव्हं अधिकार, तू त्यास्नी दे." अक्का, तसं चालत नाही. तुमच्या चर्चच्या फादरांनी हे एक लग्न लावायचा अधिकार मला दिला. तो परस्पर पुढे देण्याची मला मुभा नाही. मिलिंद तसाच उभा राहिला, तर चर्चच्या कायद्याने तुझ्या पोरीचं लग्न लागलेलंच नसेल.

म्हणून तू फादरांना जाऊन भेट. गायनमंडळावरून तुमचं बोलणं बंद आहे, ठाऊक आहे मला. तरी जा. ते स्वतः लग्न लावतील, नाहीतर मिलिंदला अधिकार देतील.

मी नसलो म्हणून पोरीला रडू देऊ नकोस. घरातून निघताना तिच्या कपाळावर माझ्या नावाने क्रूस कर. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुझा धाकटा,
अमृत