सुळक्याच्या डावीकडचं पिल्लू

४ मार्च

पुन्हा तेच! पिल्लू आहेच.

सकाळपासून लेसरची ताकद अर्ध्यावर आणली, मग पाव. तुकडे कमी झाले, पिल्लू जागच्या जागी. सर मागे उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचा जास्त ताप होतो.

इथे एकदा शांतपणे लिहून काढते, म्हणजे उद्या तरी डोकं चालेल. रक्तातलं हिमोग्लोबिन. त्याची एक साखळी म्हणजे एकशे सेहेचाळीस मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ. अख्खी माळ यंत्राच्या सापळ्यात पकडायची, तिच्यावर अतिनील लेसरचा झटका मारायचा. माळ कुठेही तुटते. मग तुकड्यांची वजनं घ्यायची — प्रत्येक तुकड्याचा आलेखावर एक सुळका. एखादा मणी बदललेला असेल तर नेमका कितवा ते कळतं. रुग्णांच्या रक्तात छान कळतं! घोळ आहे तो निरोगी नमुन्यात. तिथे मोठ्या सुळक्याच्या डाव्या अंगाला, वजनाने फक्त एकाने कमी, असं एक बुटकं पिल्लू उभं असतं. लेसर तुकड्यावरून एक हायड्रोजन उडवतोय, दुसरं काय! असं होतं कधीकधी, या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण निरोगी माणूसच आजारी दिसायला लागला तर नवजात बाळांच्या तपासणीसाठी ही पद्धत घेणार कोण?

५ मार्च

सरांनी शेवटी तोंड उघडलं. महिनाअखेरपर्यंत निरोगी नमुना स्वच्छ दिसला पाहिजे, नाहीतर लेसर खालच्या मजल्यावरच्या लॅबकडे जाणार. खालचे टपूनच बसलेत. काल त्यांच्यातला एक जण नुसता येऊन टेबलाची लांबी मोजून गेला. लाज नाही!

चार वर्षं मी या लेसरमागे घालवली आहेत. तो गेला तर माझ्या हातात काय राहतं?

७ मार्च

दवाखाना. तिसरा महिना लागला, सगळं ठीक. डॉक्टरीणबाईंनी माझ्याही हिमोग्लोबिनची तपासणी लिहून दिली. नवरा थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष एकाच पालकाकडून आलेला — त्याला स्वतःला काही त्रास नाही, पण माझ्याकडूनही तसलंच काही आलं तर बाळाला जड जाईल, म्हणाल्या. नुसती खात्री करून घ्यायची. रक्त घेणाऱ्या खोलीबाहेर ही भली मोठी रांग! आणि मी इकडे सापळ्यावर नमुना लावून आलेली. निघून आले. पुढच्या वेळी देईन.

आईला फोनवर सांगितलं तर ती उसळलीच. आपल्या घरात असलं कुणाला काही नाही म्हणे. मग मावशी कायम फिकट का असते, विचारलं. ती चहावर जगते म्हणून, म्हणाली.

नवरा रात्रीच्या जेवणाला मुद्दाम गंभीर चेहरा करून म्हणाला, "जगाचं रक्त तपासतेस. स्वतःचं द्यायला तेवढा वेळ नाही." मी ताट उचलून आत गेले. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त राग आला.

११ मार्च

खिडकी बदलली. लेसर यंत्रात जिथून शिरतो ती क्वार्ट्झची चकती. तिच्यावर धूर बसल्यासारखा डाग होता, वाटलं हाच चोर! चकती काढायची म्हणजे यंत्रातली निर्वात जागा हवेने भरायची, आणि मग पंप ती हवा ओढत बसणार. सगळा शनिवार-रविवार पंपांची घरघर ऐकण्यात गेला.

आज लेसर मारला. पिल्लू हजर.

१२ मार्च

हात टेकले. रडले सुद्धा. स्वच्छतागृहात, नळ सोडून.

१४ मार्च

गेलं! गेलं, गेलं, गेलं!!

सकाळी लेसरला यंत्राकडे वळवणारा नवा आरसा बसवला. जुना कडेला खरवडलेला होता. आमच्या लॅबची जुनी रीत अशी, की निरोगी रक्त हवं असलं की यंत्रावर जो बसलाय त्याने स्वतःचंच बोट टोचायचं, कुपीवर 'निरोगी' लिहायचं आणि कामाला लागायचं. नियमात बसत नाही, पण चालतं. गेले कित्येक दिवस यंत्रावर मीच, म्हणून बोटंही माझीच. आज कुपी संपली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा लंबू म्हणाला, "माझं घे आज. तुझ्या बोटांची चाळण झालीय, आणि आता तू एकटी आहेस का?" लंबूचं घेतलं. लेसर मारला. सुळके कसे, एकटे, सरळ, डावीकडे काही नाही!

आरसाच होता तर. इतके दिवस एका खरवडलेल्या आरशाने नाचवलं मला. सर "छान" म्हणाले. चार वर्षांत हे त्यांचं दुसरं छान. घरी जाताना आईस्क्रीम घेतलं, दोघांनी डब्यातूनच खाल्लं.

१७ मार्च

सरांना तेच परत करून हवं होतं, दोनचार वेळा. बरोबरच आहे. माझं बोट टोचलं, लेसर मारला. पिल्लू!

आरसा पुसला, काढून परत लावला. पिल्लू. लंबूची उरलेली कुपी लावली — स्वच्छ. माझी लावली — पिल्लू. आरसा तोच, लेसर तोच. लंबूला वाटतं माझं रक्त धुताना क्षार राहिले असतील. अरे, क्षारांनी वजन वाढतं, कमी कसं होईल? मी त्याच्यावर उगाच खेकसले. मग त्याचा डबा उघडाच राहिला, जेवला नाही तो. उद्या त्याची माफी मागायची.

चिडचिड इतकी, की नवऱ्याने दार उघडल्यावर त्याच्याशीही नीट बोलले नाही.

१८ मार्च

लंबूची माफी मागितली. "सवय आहे," म्हणाला.

नवी सुई, नवी कुपी, रक्त तीनदा धुतलं. पिल्लू.

मग एक केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आतापर्यंत मी फक्त मोठे, ठळक सुळके बघत होते, लांब तुकड्यांचे. आज छोटे तुकडे काढून बसले, माळेच्या सुरुवातीपासून एकेक मणी वाढवत. दहा मण्यांचा तुकडा स्वच्छ. वीस मण्यांचा स्वच्छ. पंचवीस, स्वच्छ. सव्वीस मण्यांचा — पिल्लू. त्यापुढे प्रत्येक तुकड्याला पिल्लू. उलट्या टोकाकडून मोजलं तरी गाडी तिथेच येऊन थांबली.

हायड्रोजन उडवायचा तर लेसर कुठूनही उडवेल. त्याला मणी मोजता येत नाहीत.

यंत्र तसंच चालू ठेवून कुपीवरचं 'निरोगी' पुन्हा वाचलं. लंबूने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

१९ मार्च

लेसर बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. सव्विसावा मणी माझाच बदललेला आहे, जन्मापासून, एका पालकाकडून आलेला, आणि तो नेहमीच्या मण्यापेक्षा वजनाने एकाने हलका आहे.

सरांना आलेख दाखवला. त्यांनी आधी आलेख बघितला, मग कुपीवरचं अक्षर, मग खुर्ची ओढून मला बसवलं. लेसर इथेच राहील, म्हणाले. 

डॉक्टरीणबाईंनी आजच बोलावलंय, दोघांनाही. नवरा खाली गाडी काढतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याचा तो मायनर आणि माझा हा मणी, दोन्ही बाळाकडे जाण्याची शक्यता चारात एक. मला भीती वाटते आहे.

नवजात बाळांसाठी पद्धत करत होते मी. पहिलं बाळ माझंच निघालं.