फुलीखालची पेनी

कॅसलमेन,
२ फेब्रुवारी १९८६

चि. मेरिन हिस अल्विनमामाचे अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता माझा टोस्ट जळून कोळसा झाला, पण बातमीच तशी आहे. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बंदुका, बादल्या आणि बश्या वाहिल्यास, आता अख्ख्या युद्धपटाच्या सामानाची तू प्रमुख. घराण्यात प्रमुख वगैरे झालेली तू पहिलीच. मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली, तरी शिक्क्यापलीकडे गेलो नाही.

पण एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. आमचं नाणेमंडळ तुला माहीत आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही अकरा म्हातारे स्काउटांच्या हॉलमध्ये व्हिडिओ लावून बसतो. गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नसतं. पडद्यावर कुणी खिशात हात घातला, की सगळे खुर्चीच्या टोकाला येतात. गेल्या महिन्यात १८५४ सालचा दरोडा चालू होता आणि लुटीच्या नाण्यावर राणी व्हिक्टोरिया डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी. तेव्हा बाई जेमतेम पस्तिशीची. बार्नीनं तिथेच टेप थांबवली. पुढे तो दरोडेखोर पकडला गेला की सुटला, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या चुकीला मंडळ एक लाकडी पेनी पाठवतं आणि सोबतच्या पत्राची प्रत वर्तमानपत्रांना. ते पत्र चिटणीस म्हणून मी लिहितो. भाचीच्या नावानं लिहायची वेळ माझ्यावर आणू नकोस, एवढंच.

जेवणाची आबाळ करू नकोस. समुद्राचा वारा बाधतो.

तुझा,
अल्विनमामा

*

रोब,
११ फेब्रुवारी

ती. अल्विनमामास मेरिनचा शि. सा. न.

धमकी पोचली. आता मदत पाठव.

१९१५ साल आहे, गलिपोलीचा किनारा. सैनिक टू-अप खेळतायत, म्हणजे दोन पेन्या उडवून छापा-काट्यावर पैज लावायचा जुगार. सार्जंट फळीवरून दोन पेन्या उडवतो, त्या वाळूत पडतात आणि कॅमेरा अगदी नाण्यांच्या नाकाशी जातो. मी नकली पेन्या करून घेतल्या होत्या, पण आमचे दिग्दर्शक हॅडली म्हणतात की त्या पडताना चमच्यासारख्या वाजतात. त्यांना खऱ्याच हव्यात. तुझ्याकडच्या दोन मिळतील का?

मामा, खरं सांगते, मी जरा घाबरले आहे. निर्माते क्वॉरी यांना या जागेवर त्यांचा स्वतःचा माणूस हवा होता. हॅडलींनी हट्ट धरला म्हणून मला घेतलं. माझी एक चूक झाली की दुसरी करायला मी इथे नसेन, असं क्वॉरींनी मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. त्यांचं हसू काही मला आवडलं नाही.

आईला अजून हे सांगू नकोस.

मेरिन

*

कॅसलमेन,
१५ फेब्रुवारी

चि. मेरिन हिस अ. आ. वि. वि.

माझ्याकडे १९१२ आणि १९१३ च्या आहेत, पण त्या मखमलीवर झोपणाऱ्या. वाळूत पडल्या तर मीच आजारी पडेन. आणि आपल्या घरात त्याहून चांगल्या असताना त्या कशाला? तुझ्या आजोबांच्या पेन्या घे. त्या खुद्द गलिपोलीला जाऊन आल्या आहेत.

बॅलरटला तुझ्या आईकडे कपाटातल्या तंबाखूच्या डबीत त्या आहेत. दर पंचवीस एप्रिलला, गलिपोलीच्या स्मरणदिनी, आपण अंगणात त्या उडवतो, हे तुला सांगायला नको. राजाच्या तोंडाची बाजू घासून इतकी गुळगुळीत झाली आहे की तो कुठला राजा हेही कळत नाही. दुसऱ्या बाजूला तुझी आई दरवर्षी पांढऱ्या रंगाची फुली काढते. उडवताना लांबूनही छापा की काटा ते कळावं म्हणून टू-अपवाले तशी काढतातच.

त्यांचं साल मला विचारू नकोस. मी जगाच्या नाण्यांना भिंग लावतो, पण बाबांच्या नाण्यांना कधी लावलं नाही. वडिलांकडे कुणी दाखला मागत नाही. तुमच्या क्वॉरींना सांग, मंडळाच्या चिटणिसाची हमी आहे.

अल्विनमामा

*

रोब,
२८ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

झालं एकदाचं. सार्जंटनं तेवीस वेळा पेन्या उडवल्या. त्यातल्या बऱ्याचशा खडकावर आपटल्या, त्यामुळे एकीच्या फुलीचे टवके गेले. मी नव्यानं रंगवायला घेतली तर हॅडलींनी माझा हात धरला. म्हणाले, याला म्हणतात खरेपणा. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. क्वॉरी तिकडे सँडविच खात होते. ते चावायचे थांबले, एवढी दाद मला पुरे आहे.

आईनं डबी देताना फार का कू केलं. शेवटी फुलीवर रंगाचे आणखी दोन हात देऊनच दिली. तिचा जीव आहे त्यांच्यावर. मी त्या पिशवीत शिवून गळ्यात घालते.

त्या दृश्याचा फोटो पुढच्या शनिवारच्या पेपरात येणार आहे. मंडळात सगळ्यांना दाखव. माझी कॉलर ताठ, तुझीही असू दे.

मेरिन

*

कॅसलमेन,
९ मार्च

मेरिन,

काल पेपर आला. मी सकाळी सातलाच दुकानाच्या दारात उभा होतो. घेऊन बार्नीकडे गेलो आणि ऐटीत टेबलावर पसरला. बार्नीनं भिंग लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. मग मी लावलं.

फुलीचे टवके गेलेत तिथे कांगारूचे मागचे पाय आहेत आणि शेपूट आहे. पेनीवर कांगारू १९३८ साली आला, पोरी. १९१५ च्या पेनीवर त्या बाजूला नुसती अक्षरं असतात. म्हणजे तुमचा सार्जंट तेवीस वर्षांनी जन्माला येणारं नाणं उडवतो आहे.

पण ती चूक गेली खड्ड्यात. या बाबांच्या पेन्या नव्हेत. तू त्या हरवल्यास आणि कुठल्यातरी भंगारवाल्याकडून दुसऱ्या आणल्यास. मला एक फोन केला असतास तर मी रागावलो असतो, दोन दिवसांत निवळलोही असतो. हे जे तू केलंस ते मला गिळता येत नाही. वर पत्रात लिहितेस, गळ्यात घालते म्हणून.

मंडळानं काल संध्याकाळी तातडीची बैठक घेतली. लाकडी पेनी तुमच्या सिनेमाला. दहा मतं बाजूनं, मी तटस्थ. पत्र मला लिहायचं आहे. अजून लिहिलेलं नाही.

अल्विन

*

रोब,
१३ मार्च

ती. मामास,

नुसतं अल्विन लिहिलंस. माझ्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पेन्या माझ्या गळ्यातून उतरल्या त्या फक्त सार्जंटच्या हातात, आणि तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुझं पत्र आल्यावर टर्पेंटाइन लावून मी सगळा रंग काढला. खाली रंगाचे चाळीसेक थर होते, कांद्यासारखे. मामा, भंगारातल्या नाण्यावर एवढे थर कुठून येणार? दोन्हींवर कांगारू आहे. एक १९४२ ची, एक १९४३ ची. कागद ठेवून पेन्सिलीनं घासलेला ठसा सोबत पाठवते आहे.

तुमच्या मंडळाचं कुणीतरी पेपरवाल्यांशी बोललं. क्वॉरींना कळलं. एकवीस तारखेला, शुक्रवारी, ते माझा निर्णय घेणार आहेत. सुटकेस काढून ठेवली आहे. हमी चिटणिसाची होती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

काम गेलं तर दुसरं बघेन. पण तुझ्या मनात मी आजोबांची वस्तू हरवून खोटं बोलणारी झाले, ते मला सोसत नाही.

मेरिन

*

बॅलरट,
१५ मार्च

चि. अल्विनास एल्वाताईचे आशीर्वाद.

मेरिनचा रडत फोन आला. तिला एक अक्षर बोलशील तर याद राख. चूक असलीच तर माझी आहे. डबी देतानाच मी बोलायला हवं होतं, पण बाबांना शब्द दिला होता. आणि वाटलं, रंगाचे दोन हात जास्त दिले की निभेल.

१९४३ साली तू न्यू गिनीच्या जंगलात होतास. तू सैन्यात गेलास म्हणून बाबा तुझ्याशी बोलत नव्हते. तुला निरोप द्यायलाही ते बाहेर आले नाहीत, ते तू विसरलेला नाहीस. तीन महिने तुझं पत्र आलं नाही. मग एक दिवस बाबांनी डबी उघडली, त्या पेन्या मोज्यात गुंडाळल्या आणि आईच्या केकच्या पार्सलात तुझ्या नावानं पाठवून दिल्या. त्या त्यांना तिकडून परत घेऊन आल्या होत्या ना. नशीब, शकुन वगैरे म्हणणाऱ्यांची ते जन्मभर टिंगल करत आले, अल्विन. पार्सल तुला मिळालंच नाही. कुठे गेलं देव जाणे.

तू मलेरियानं इस्पितळात आहेस, पण जिवंत आहेस, असं कळलं तेव्हा बाबा दूधवाल्याकडच्या सुट्ट्या पैशांतून दोन पेन्या घेऊन शेडमध्ये गेले. काही आठवड्यांनी त्या गुळगुळीत करून बाहेर आणल्या. सहाणेच्या चाकावर घासल्या असतील. मला म्हणाले, फुली जाड काढत जा आणि त्याला कधी कळू देऊ नकोस. मी विचारलं, का? तर म्हणाले, म्हातारा घाबरला होता, असं त्याला वाटेल.

आता तुला कळलं. काय करायचं ते कर, पण शुक्रवारच्या आत कर.

एल्वाताई

*

कॅसलमेन,
१७ मार्च

चि. मेरिन हिस,

मी मूर्ख आहे. सविस्तर मूर्खपणा समोर आल्यावर सांगतो. गुरुवारच्या बसनं येतो आहे. सुटकेस परत आत ठेव. बरोबर १९१२ आणि १९१३ आणतो आहे. रंग आणि ब्रश तुझा.

तुझा, अजून असेन तर,
अल्विनमामा

*

कॅसलमेन,
२५ मार्च

ती. एल्वाताईस अल्विनचा सा. न.

पोरगी कामावर आहे, हे आधी वाच आणि चहा ठेव.

मी थेट क्वॉरींपुढे उभा राहिलो. हमी माझी होती, नाणी आमच्या घरची होती, असं सांगून मेरिनचं पत्रच त्यांच्या हातात दिलं. ते वाचून त्यांनी मला एवढंच विचारलं, की ही बाई तुमचं नाव का लपवत होती? म्हटलं, तेच मला विचारायला लाज वाटते आहे. मग त्यांनी ते दृश्य पुन्हा घ्यायला एक सकाळ दिली. मेरिननं माझ्या मखमलीवरच्या पेन्यांवर फुल्या काढल्या तेव्हा मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो. १९१३ ची खडकाच्या फटीत गेली आणि सगळी पलटण गणवेशात रांगत दोन तास शोधत होती. सापडली, कडेला एक खोक पडली आहे. पडो. जाता जाता क्वॉरींनी मला सिनेमातल्या दुसऱ्या दृश्यासाठीच्या, कैरोच्या खानावळीतल्या गल्ल्याची नाणी तपासायला लावली. दोन चुकीची निघाली. आता ते मेरिनला म्हणतात, पुढच्या सिनेमातही मामाला घेऊन या.

मंडळात सगळं सांगितलं. लाकडी पेनी मला मिळाली, या वेळी अकराच्या अकरा मतांनी. पेपरांना पत्र मीच लिहिलं.

मेरिननं बाबांच्या पेन्या परत दिल्या. पहिल्यांदाच त्यांना भिंग लावलं. ताई, तुझा अंदाज चुकला. सहाणेच्या चाकानं धातूवर गोल रेघा पडतात. इथे एकही नाही. खिशात झिजलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं, हे तसंही झिजलेलं नाही. दोन्हींवर एकाच बाजूला खोलगट झीज आहे, तिरकी. फडकं धरून अंगठ्यानं घासत राहिलं तर अशी होते, आणि तीही डाव्या अंगठ्यानं. आपल्या घरात डावखुरे एकटे बाबाच होते. ब्राँझवरचं राजाचं तोंड अंगठ्यानं पुसून काढायला किती दिवस लागत असतील, याचा मी बसमध्ये सहा तास विचार केला.

मी पंचेचाळीस साली घरी आलो तेव्हा बाबा कुंपण रंगवत होते. बूट पुसून आत जा, एवढंच म्हणाले. ते वाक्य मी चाळीस वर्षं धरून बसलो, आणि ते गेले तेव्हाही मनातून सोडलं नाही. बाबांचा माझ्यावर जीव होता, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. फार बरं वाटतं आहे, आणि वाईट वाटतं आहे की त्यांना सांगता येत नाही.

थांबतो. तू माझ्यावर करतेस ती माया पुरून उरणारी आहे, तरी कमी करू नकोस.

तुझा,
अल्विन