पांढऱ्या बर्फावरचा काळा कोट

आदरणीय येलिझारमामांना,

केशाचा कमरेतून वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मधमाश्या आणि नवी गाय सुखरूप असावीत. (गाईचे नाव मागच्या पत्रात नीट वाचता आले नाही, म्हणून लिहीत नाही, चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे.) माझी प्रकृती शहराला शोभेल अशीच आहे. खोकला आहे, पण कारखान्यातली हजेरी चुकत नाही.

शहराचे म्हणाल तर प्रगती जोरात आहे. वेशीवर ‘डोंगरांचे शहर’ अशी मोठी पाटी लावली, त्यातला ‘डोंगर’ काजळीने झाकला गेला. पालिका सत्याला इतकी धरून आहे. माझ्या खिडकीतून डोंगर गेल्या वर्षी नऊ दिवस दिसले (तारखा लिहून ठेवल्या आहेत), पोलादाची भट्टी दुरुस्तीला बंद होती तेव्हा. बर्फ आकाशातून पांढराच निघतो. वाटेत धुराड्यांना जकात भरतो आणि काळा होऊन खाली पोहोचतो.

तर माझी होणारी बायको अग्लाया (झाली तर) आणि तिची आई कपितोलिना साव्विश्ना शनिवारी गवताळ मैदानातल्या त्यांच्या गावाहून इथे आल्या. मुलगी असल्या हवेत द्यायची की नाही, हे आई शहर बघून ठरवणार होत्या. पत्रांतून शहराचे वर्णन मीच केले होते. त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त सगळे भट्टी बंद असतानाचे होते. म्हणून शुक्रवारी मी आमच्या झाडूवाल्या ग्लाफिरामावशींचे पाय धरले. “एवढंच ना रे?” त्या म्हणाल्या, “मोठे साहेब आले तेव्हा अख्खी गल्ली रंगवली होती. तुझ्या सासूला एक ढीग पुरे!” आणि दारासमोरच्या बर्फाच्या ढिगाला त्यांनी पांढरा तैलरंग फासला.

सासूबाई आल्या, ढीग बघून हरखल्या. “अगं बाई, असला बर्फ आमच्याकडेसुद्धा नाही!” मला वाटले, जिंकलो. पण मामा, स्वच्छ बर्फ दिसल्यावर त्यावर सतरंजी पालथी घालून झोडपल्याशिवाय आपली कोणती बाई स्वस्थ बसते? सतरंजी हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी अंगातला काळ्या कोकराच्या कातड्याचा कोट काढला, लोकर खाली करून ढिगावर पसरला, आणि शेजारणीचे सतरंज्या झोडपायचे दांडके मागून घेऊन प्रवासाची धूळ काढायला चाळीस रट्टे हाणले. (मी मोजले. घाबरलो की मी मोजतो.) पहिल्याच रट्ट्याला बोलायला हवे होते, पण मी मनात वाक्य जुळवत होतो.

कोट उचलला. पांढऱ्याचे काळे करणाऱ्या या शहरात काळ्याचे पांढरे करणारा मी पहिलाच.

“हे काय, जावईबापू?” सासूबाईंनी विचारले. तेवढ्यात दारातून ग्लाफिरामावशी ओरडल्या, “हात लावू नका बाई, अजून ओला आहे!” अग्लाया हसून हसून बाकावर बसली. सासूबाई हसल्या नाहीत. कोट साफ झाला की पहिल्या गाडीने मुलीला घेऊन निघते, असे त्यांनी जाहीर केले.

तुमचा भाचा,
केशा

ता. क. सोबतच्या गाठोड्यात कोट आहे. तुम्ही जन्मभर कातडी कमावलीत, रंग नक्की काढाल.

ता. क. २. बाहेर उणे अडतीस आहे. कोटाशिवाय सासूबाईंना स्टेशनपर्यंतही जाता येत नाही. माझा देऊ केला, त्याची बटणे लागत नाहीत. त्या खिडकीत बसून डोंगर शोधत असतात. तेवढ्या वेळात अग्लाया आणि मी विवाह नोंदणीचा अर्ज देऊन आलो.

ता. क. ३. नोंदणीला एक महिना थांबावे लागते. मामा, तुमचे गुडघे दुखतात ना? महिनाभर दुखू द्या.