तिसऱ्या खांबाच्या टेपा कोणाला द्यायच्या

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नका. शाळा नववीत सुटली आणि टायपिंग एका बोटाने चाललंय. झेरॉक्सवाले काका दर ओळीला म्हणतात, "बारकी, गिऱ्हाईक थांबलंय." थांबू दे.

मी, जिला सगळे बारकी म्हणतात, मागच्या महिन्यात अठरा पूर्ण, डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर दबाव आहे, पण तो हे न लिहिण्याचा.

उद्या सकाळी दहाला नव्या सभागृहाचं उद्घाटन. शाळेची तीनशे मुलं आत बसवणार. मी नऊलाच भोंगा घेऊन जाणार आणि तिसऱ्या खांबाला पाठ लावून बसणार, म्हणजे कोणी आत येणार नाही. खांब आधीच पडला तर हा कागद लागेल.

१. खांबाला चिकटवायचा माईक आणि हेडफोन बाबांना. बाबा गवंडी. लहानपणी मला विटा वाजवून दाखवायचे. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर फेक. माझं संगीत तिथूनच सुरू झालं. या सभागृहाचे खांब त्यांनीच उभे केले. सिमेंट कमी येतंय म्हणाले, तर नगरसेवकसाहेबांचा मेहुणा, म्हणजे ठेकेदारच, म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही फक्त सही करा." बाबांनी केली. त्या दिवसापासून काम करताना गुणगुणायचे ते बंद.

२. टेपा अकरा आहेत. दर मंगळवारी दुपारी मी माईक लावून खांब ऐकायची. बाकीचे आपापल्या सुरात स्थिर. तिसऱ्याचा सूर दर आठवड्याला खाली उतरतो. आणि सातव्या टेपपासून त्याच्या आत कोणीतरी गुणगुणतंय.

बाबांच्या कानाला लावलं.

"हे कधी रेकॉर्ड केलंस?"

"मंगळवारी."

"खोटं बोलू नकोस. वर्षभर मी तोंडातून सूर काढलेला नाही."

मग हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

अकरावी टेप नगरसेवकसाहेबांना द्यावी. साहेब, घरात एकटे असताना ऐका. शेवटी गुणगुणणं थांबतं आणि कोणीतरी मोठा श्वास घेतं. तो माझा नाही. बाकीच्या टेपा मागेल त्या इंजिनिअरला. अजून कोणी मागितल्या नाहीत.

३. दाढीदादा. हा रविवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये आमच्यासारख्यांचे वेड्या संगीताचे कार्यक्रम ठेवतो. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून मी तिथे सगळ्या टेपा ओळीने वाजवल्या. चाळीस लोक डोळे मिटून बसले. मग टाळ्या. दादा म्हणाला, "शेवटचा तो उतरता सूर! काय सुचलंय गं तुला!"

मी म्हणाले, "सुचलेलं नाही दादा, खांब पडतोय."

लोक हसले. त्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. चूक माझी. मी टेपेसोबत पत्र्यावर साथ धरली होती. नुसती टेप लावायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी दादाला सभागृहाचं तळघर कार्यक्रमांसाठी फुकट दिलं. आता दादा म्हणतो, "कला आणि राजकारण वेगळं ठेव." त्याला मी त्या टाळ्या परत देते. सगळ्या.

४. भोंगा शाळेच्या संगीताच्या बाईंना. बाई, "तुला सूर कळत नाही" म्हणून मला मागच्या बाकावर बसवलंत, ते विसरले नाही. उद्या स्वागतगीताला मुलं तुम्हीच आणणार. मी ओरडले तर मला शिव्या द्या, पण मुलांना फाटकाबाहेर ठेवा.

५. पत्रा आणि सळ्या खडखडला द्यायच्या होत्या, तो माझ्यासोबत डबे वाजवतो. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. सॉरी, खडखड.

बाबा, उद्या माझ्याजवळ येऊन बसू नका. दारात उभे राहा आणि सिमेंटचं खरं काय ते सांगा. सही तुमची आहे. आतला आवाजही तुमचाच आहे.

माझी सही: बारकी

साक्षीदार: झेरॉक्सवाले काका (सही केली, वाचलं नाही म्हणतात, पण चष्मा पुसतायत)
साक्षीदार: खडखड

ठिकाण: झेरॉक्सच्या दुकानातली मागची खुर्ची
दिनांक: शुक्रवार, उद्घाटनाच्या आदली दुपार

आत्ताच फोन आला. मावशी बाळंत झाली, मुलगी. आजी म्हणते, आवाज खणखणीत आहे.