काल घेतलेलं ब्लडप्रेशर

वेन्डेल,

काल सरावासाठी तुझं ब्लडप्रेशर घेतलं, तेव्हा माझा हात अजून कच्चा आहे असं मी म्हणाले. ते खोटं होतं. तिन्ही वेळा एकशे नव्वदच्या वरच आलं. "नापास होणार तू," म्हणून तू हसलास. दिवसभर काम, त्यावर नर्सिंगचं कॉलेज. वाद घालायचं त्राणच नव्हतं माझ्यात.

दवाखान्यात तुझी आज दहाची वेळ घेतली आहे. आज येणार नाहीस असं खाणीत मीच कळवलंय, त्यावरून संध्याकाळी माझ्यावर ओरड हवं तर. वॉर्डात माझा पहिला दिवस, नाहीतर सोबत आले असते.

तुझे वडीलही गेले त्या सकाळी डोकं दुखतंय एवढंच म्हणाले होते.

तिथे विनोद करत बसू नकोस. नुसता हात पुढे कर.

डार्लीन